लेकराच्या पाच वेशी

"काय शिकवलं रे आज बाईनं?" वावरातून घरी आलेला बाप ओसरीवर टेकत विचारतो.

"काईच नाई. बाईनं निंबाचा पाला चाखाले देल्ला."

"अन् मंग?"

"थुकलो. मंग गूळ देल्ला."

बापाच्या कपाळावर आठी पडते. तो घरात वळून म्हणतो, "हे शिकाले धाडतो काय याले? त्यापक्षा कारंज्याच्या शाळेच्या गाडीत बसवून देऊ. तिथं एवढीशी पोट्टी एबीसीडी लिह्यतात."

कारंजा लाडच्या आसपासच्या गावांत, थोड्याफार फरकाने, हे बोलणे कितीतरी घरांतून होत असते. तुमच्याही घरी झाले असेल. बापाचे चुकते असेही नाही. कपाशीला भाव मिळो न मिळो, लेकराने आपल्यापेक्षा पुढे जावे म्हणून त्याचा जीव तुटतो. पण त्या निंबाच्या पाल्यात काय शिक्षण आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. आज त्या पाल्याबद्दलच तुमच्याशी बोलायचे आहे.

कारंज्याच्या जुन्या गावाला वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. एके काळी धान्य, कापूस, पाहुणा, बातमी, जे काही गावात येई ते वेशीतूनच येई. लहान लेकराचेही तसेच आहे. डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी या त्याच्या पाच वेशी. जग त्याच्यात शिरते ते येथूनच. तीन वर्षांच्या मुलाला 'आंबट' या शब्दाचा अर्थ तुम्ही तासभर सांगा, त्याला कळणार नाही. चिंचेचे बुटूक जिभेला लावा, जन्मभरासाठी कळेल.

आणि एवढ्यावर हे थांबत नाही. कडू आणि गोड वेगळे ओळखणारे मूल पुढे मूग आणि उडीद वेगळे करते. वेगळे करता करता ढीग मांडते, ढीग मांडता मांडता 'हा मोठा, हा लहान' म्हणते, आणि तेथे गणित सुरू होते. बैलाच्या घुंगराचा आणि देवळातल्या घंटेचा आवाज ज्याला वेगळा ऐकू येतो, त्याला पुढे 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात, आणि तेथे वाचन सुरू होते. चिमटीने ज्वारीचे दाणे उचलून वाटीत टाकणारी तीन बोटे तीच, जी उद्या पेन्सिल धरणार आहेत. तीन वर्षांच्या बोटांत ती ताकद अजून आलेली नसते. तुम्ही शेतकरी आहात. वाफसा आल्याशिवाय तुम्ही पेरता का? ओल जास्त असताना पेरले तर बी कुजते हे तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मग लेकराच्याच बाबतीत घाई का?

हे कोठून आले?

ही काही कालपरवाची टूम नाही. डॉ. मारिया माँटेसोरी या इटालियन बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत बालकांचे घर उघडले. कामकरी आईबापांची मुले तेथे येत. डोळ्यांना, कानांना, बोटांना काम देणारी साधने त्यांनी त्या मुलांसाठी बनवली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तीन वर्षांनी त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. या ताराबाई आपल्या वऱ्हाडाला परक्या नाहीत. तरुणपणी काही वर्षे त्यांचा संसार अमरावतीला होता.

ताराबाईंनी पुढे दादरला शिशुविहार चालवले. पण खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना बसू देईना. १९४५ साली त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. विलायती पद्धतीची साधने महाग; खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, पाने, गोटे, बांबू, माती यांनाच साधने केले. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ, असे म्हणून त्यांनी वस्तीतल्या अंगणात वर्ग भरवले. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. खिचडी, वजन आणि लस या तीन गोष्टींसाठी आपण तिला ओळखतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे खेळातून शिक्षण हे तिचे चौथे काम, आणि तेच आपण विसरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला आहे, आणि त्या वयात खेळ व कृती यांवर भर दिला आहे.

आता एकेक वेस उघडून पाहू. यातले काहीही विकत आणायचे नाही. अंगणवाडीत ताई हे खेळ घेतातच. घरी आई, आजी, आजोबा यांनीही घ्यावेत.

डोळे

सुपात तूर, मूग, उडीद, हरभरा मिसळा आणि चार वाट्या ठेवा. लेकराला निवडू द्या. चुकले तर लगेच बोट दाखवू नका. त्याला वाटीत पुन्हा पाहू द्या. निंबाचे, पिंपळाचे, पळसाचे अशी पानांची जोडी करून एकेक पान त्याच्या हाती द्या आणि म्हणा, "याचा भाऊ शोधून आण." पळसाला पाने तीनच, हे तो स्वतः मोजून शिकेल. कपाशी फुलली की त्याला धुऱ्यावरून एक फूल दाखवा. आज पिवळसर पांढरे असलेले फूल उद्या गुलाबी होते. दोन दिवस तेच फूल दाखवले तर जे पाहणे होईल, ते चित्रांच्या पुस्तकात होणार नाही. मात्र फवारणी झालेल्या वावरात लेकराला नेऊ नका.

कान

सारख्या दिसणाऱ्या सहा डब्या घ्या. दोहोंत ज्वारी, दोहोंत रेती, दोहोंत बारीक खडे घालून झाकणे पक्की बसवा. डबी कानाशी हलवून तिची जोडी शोधायची. दुसरा खेळ त्याहून सोपा: डोळे मिटून दोन मिनिटे गप्प बसायचे आणि मग काय काय ऐकले ते सांगायचे. बंडीचे चाक, पंप, कोंबडी, दूरवरचा ट्रॅक्टर. येथे आजोबांना जवळ घ्या. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आपली शकुंतला गाडी कारंज्यावरून जायची. आता ती बंद आहे, पण तिची शिटी आजोबांच्या कानात अजून आहे. त्यांना ती काढून दाखवू द्या. लेकराचा कान तयार होईल, आणि आजोबांचा दिवसही बरा जाईल.

नाक

जुन्या मऊ धोतराच्या चिंध्यांत जिरे, ओवा, हळद, धने, वाळलेला पुदिना यांच्या पुरचुंड्या बांधा. वास घ्यायचा आणि ओळखायचा. ताज्या सांबाराची जुडीही हुंगू द्या. पहिल्या पावसानंतर दारात उभे करून मातीचा वास घ्यायला सांगा. फोडणी करताना विचारा, "आज काय शिजून राह्यलं, सांग बरं?" स्वयंपाकघर हीच नाकाची शाळा.

जीभ

गूळ, मीठ, चिंच, निंबाचा पाला. चिमूटभर, एकेक, आणि मध्ये पाण्याचा घोट. तिखटाची ओळख ठेच्याच्या वासावरच पुरे. आवळ्याच्या दिवसांत आवळा चाखवा आणि वर पाणी पाजा. तुरट आवळ्यानंतर पाणी गोड का लागते, हे कोडे लेकरू चार दिवस सगळ्यांना घालत हिंडेल. यात एक फायदा आणखी आहे. ज्या लेकराने भाजी हाताळली, हुंगली, नखभर चाखली, ते ती ताटात आल्यावर सहसा तोंड वळवत नाही. कुरमुऱ्यांच्या पुड्यांवर वाढणाऱ्या लेकराला हे औषधच आहे.

हात

एका पोतडीत सरकी काढलेला कापूस, वाळलेल्या बोंडाचे टरफल, अडाण नदीकाठचा गुळगुळीत गोटा, ज्वारीचे कणीस, पितळी वाटी असे घाला. आत हात घालून न पाहता ओळखायचे. मऊ, टोकदार, गुळगुळीत, खरबरीत, थंड हे पाच शब्द एका खेळात येतात. थोडे जवस पाण्यात भिजवून ठेवा. कोरडे असताना घसरणारे दाणे भिजले की कसे बुळबुळीत होतात ते बोटांनी पाहू द्या. आणि चिखलाला रागावू नका. पोळ्याचे मातीचे बैल करताना लेकराला त्याचा गोळा द्या, बैल कसाही होवो.

मग प्रश्न येतो: मी कोण?

पाच वेशींतून जग आत आले की लेकराला आणखी एक गोष्ट उमजू लागते. हे सगळे पाहणारा, हुंगणारा, चाखणारा 'मी' कोणीतरी आहे. अंगणवाडीत म्हणूनच आरसा असतो. आरशात पाहून नाक कोठे, कान कोठे, हे सांगायचे. भिंतीवर रंगाचा हात उमटवायचा आणि त्याखाली ताईंनी नाव लिहायचे. प्रत्येक हात वेगळा. "हा माझा," असे म्हणताना लेकराचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आता तुम्हांला विचारतो. तुमच्या लेकराला त्याचे स्वतःचे नाव माहीत आहे का? हसू नका. घरी बाळू, सोन्या, छकुली म्हणून वाढलेली कितीतरी मुले ताईंनी हजेरीत खरे नाव घेतले की इकडेतिकडे पाहतात. आपल्याकडे पूर्वी लेकरू जगावे, दृष्ट लागू नये म्हणून उकंडा, दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत. त्यामागे आईबापाची माया होती. पण मुलगी नको म्हणून ठेवलेल्या नावामागे काय असते? २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. रोज हाकेसरशी 'तू नको होतीस' हे ज्या मुलीच्या कानी पडले, तिच्या मनात 'मी' कसा उभा राहिला असेल, याचा विचार आपण करावा. लेकराला मारायची हाक हेही शिक्षणच आहे.

म्हणून रोज एक खेळ घ्या. लेकराने उभे राहून सांगायचे: माझे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आधी आईचे आणि मग बापाचे नाव येते. तेव्हा त्याच क्रमाने पाठ करवा. पोहरादेवीची यात्रा असो की कारंज्यात गुरुमंदिराची गर्दी, हात सुटलेले लेकरू एवढे सांगू शकले तर तासाभरात घरी येते. 'बाळू' आणि 'आई' एवढेच सांगणाऱ्या लेकराला पोलीस तरी कोठे पोचवणार?

'मी' मध्ये बोलीही येते. घरात टोमॅटोला भेदरं आणि कोथिंबिरीला सांबार म्हणणारे लेकरू शाळेत तसेच बोलले, तर त्याला हसू नये. तांड्यावरचे लेकरू आईला याडी म्हणते. ताईंनी म्हणावे, "तुझ्या घरी याडी, पुस्तकात आई. दोन्ही छान." आपल्या बोलीला हसले की लेकराला वाटते आपल्या आईलाच हसले. मग ते गप्प होते, आणि गप्प बसलेल्या लेकराला काही शिकवता येत नाही.

आणि 'मी' मध्ये शरीरही येते. अंघोळ घालताना अवयवांची नावे सांगता सांगता हेही सांगा, की हे अंग तुझे आहे. कोणी नको तेथे हात लावला तर मोठ्याने 'नको' म्हणायचे, पळायचे आणि आईला सांगायचे. सांगितल्यावर लेकरावर रागावू नका, विश्वास ठेवा. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

वेस बंद तर नाही ना?

या खेळांचे आणखी एक मोल आहे, आणि हा सगळा लेख त्यासाठीच वाचावा असे मी म्हणेन. खेळता खेळता एखाद्या लेकराची वेस बंद असल्याचे कळते.

कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्रातली कथा तुम्हांला ठाऊक आहे. बाळ ॐकाराशिवाय काही बोलत नसे, आईबाप काळजीने खंगले, आणि मुंजीच्या वेळी बाळाच्या मुखातून वेद निघाले. श्रद्धेच्या जागी श्रद्धा असू द्या. पण ती गोष्ट अवतारी पुरुषाची. आपल्या घरातले लेकरू बोलत नाही तेव्हा "बोलेल पुढं, त्याचा काकाही उशिराच बोलला" असे म्हणून वाट पाहत बसू नका. वर्ष उलटूनही हाकेला वळत नसेल, दोन वर्षे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, डब्यांच्या खेळात आवाजापेक्षा दुसऱ्यांच्या तोंडाकडेच पाहत असेल, तर आधी कान तपासा. ऐकू न आलेले बोलता येत नाही. कान फुटून वाहत असेल तर तेल घालू नका, डॉक्टरला दाखवा.

पाने निवडताना लेकरू पान डोळ्यांजवळ नेत असेल, मान तिरकी करत असेल, एक डोळा तिरळा असेल, तर त्याला भाग्याचे लक्षण समजू नका. तिरळ्या डोळ्याची नजर हळूहळू मंद होते, आणि सहा-सात वर्षांच्या आत उपचार झाला तर सर्वांत चांगला गुण येतो. बुबुळात पांढरी झाक दिसली तर त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. दिवेलागणीला लेकरू ठेचकाळत असेल तर तो रातांधळेपणा असू शकतो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. पपई, गाजर आणि पालेभाजी घरचीच आहे. आणि अंगावर फिकट चट्टा असून तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. लवकर औषध घेतले तर तो पूर्ण बरा होतो आणि औषध फुकट मिळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका, आणि ताईंनी घरी पाहिलेली खूण विचारली तर लपवू नका.

चार गोष्टी सांभाळा

खेळासाठी पेरणीचे बियाणे कधीही घेऊ नका. निळे, गुलाबी, हिरवे रंगवलेले बी म्हणजे विष चोळलेले बी. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी लेकराच्या हाती देऊ नका. गुंज, एरंडी, धोतरा, कण्हेर यांच्या बिया सुंदर दिसल्या तरी विषारी आहेत. आणि दाण्यांचा खेळ मोठ्या माणसाच्या डोळ्यांदेखतच. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तो नकोच. नाकाकानात गेलेला हरभरा फुगतो, आणि घशात अडकलेला शेंगदाणा जीव घेऊ शकतो.

इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणत नाही. एबीसीडी सहाव्या वर्षीही येते, चार महिन्यांत येते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उघडायच्या वेशी मात्र त्या वेळीच उघडाव्या लागतात.

तेव्हा आज संध्याकाळी लेकरू अंगणवाडीतून आले की "काय शिकवलं?" असे विचारू नका. "आज काय चाखलं? काय ऐकलं? कशाला हात लावला?" असे विचारा. तो म्हणेल, निंबाचा पाला कडू होता. मग त्याला विचारा, "कारल्यासारखा कडू का मेथीसारखा?"

तो थोडा थांबेल. डोळे मिटेल. आठवून पाहील.

तेवढा वेळ त्याला द्या.